बालकांची प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणी आणि प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांची भूमिका : नवी मुंबईच्या विशेष संदर्भात

सारांश :
आजारी नसलेल्या बालकाची ठरावीक वयात नियमित तपासणी व्हावी, या तत्त्वाला वैद्यकीय क्षेत्रात सहसा विरोध होत नाही. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात फॅमिली डॉक्टर, दवाखाना चालविणारे सर्वसाधारण चिकित्सक आणि नागरी आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी या तपासणीबाबत साशंक दिसतात. प्रस्तुत लेखात या साशंकतेची कारणे, तिचा शास्त्रीय आधार आणि नवी मुंबईसारख्या नियोजित शहरातील तिचे स्वरूप यांचे विवेचन केले आहे. डॉक्टरांचा आक्षेप मूलतः तपासणीला नसून तपासणीनंतरच्या पोकळीला आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रतिबंधात्मक तपासणी, चाळणी तपासणी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, फॅमिली डॉक्टर, संदर्भसेवा, नवी मुंबई.

प्रस्तावना :
आपल्या समाजात डॉक्टरकडे जाण्याचे प्रयोजन म्हणजे आजार, हे समीकरण दृढ आहे. मूल तापले, खोकू लागले, जुलाब झाले की आईवडील दवाखान्याची पायरी चढतात. मूल हसते-खेळते असेल तर त्याला डॉक्टरकडे नेण्याची कल्पनाच अनेकांना विचित्र वाटते. याला एकच ठळक अपवाद आहे, तो लसीकरणाचा. लस टोचून घेण्यासाठी निरोगी मूल डॉक्टरसमोर येते. परंतु तेथेही लक्ष सुईवर असते, मुलावर नसते. वजन झाले तर झाले, डोक्याचा घेर मोजला तर मोजला, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते.

वस्तुतः बालपणातील कित्येक दोष असे आहेत की, ते मूल आजारी दिसण्यापूर्वीच ओळखावे लागतात. जन्मजात थायरॉईड संप्रेरकाच्या कमतरतेवर जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मुलाची बुद्धी सामान्य राहू शकते. काही महिन्यांचा विलंब झाला तर झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही. श्रवणदोषाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा दंडक जगभर मानला जातो. तिरळेपणातून किंवा दोन डोळ्यांच्या क्रमांकातील मोठ्या फरकातून येणारी मंददृष्टी साधारणतः सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास सुधारते, पुढे सुधारणेची शक्यता घटत जाते. वृषण अंडकोशात उतरले नसेल तर सहाव्या महिन्यानंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी असते आणि शस्त्रक्रिया एक ते दीड वर्षाच्या आत होणे इष्ट असते. या सर्व उदाहरणांत मूल रडत नाही, तापत नाही, तक्रार करीत नाही. वेळ मात्र निघून जातो.

असे असूनही, ज्यांच्याकडे मूल सर्वप्रथम येते ते प्राथमिक स्तरावरील डॉक्टर या तपासणीला आपल्या दैनंदिन कामात स्थान देताना का कचरतात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. येथे मांडलेले युक्तिवाद हे एखाद्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष नसून वैद्यकीय व्यवहाराच्या रचनेतून आणि या विषयावरील जागतिक चर्चेतून पुढे येणारे युक्तिवाद आहेत, हे आरंभीच स्पष्ट करणे उचित ठरेल.

उद्दिष्टे :
१) बालकांच्या प्रतिबंधात्मक तपासणीची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) या तपासणीविषयी प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांच्या अनुकूल व प्रतिकूल युक्तिवादांचे परीक्षण करणे.
३) नवी मुंबईच्या संदर्भात तपासणीच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या बालकांचा शोध घेणे.
४) डॉक्टरांच्या आक्षेपांतून सुधारणेच्या दिशा सूचित करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
निरोगी दिसणाऱ्या मुलांची सरसकट तपासणी करावी, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेच्या माध्यमातून रुजला. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांची शारीरिक स्थिती पाहून इंग्लंडमध्ये खळबळ उडाली आणि १९०७ च्या कायद्याने तेथील प्राथमिक शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. भारतात याबाबतचा पहिला मान बडोद्याकडे जातो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीत बडोदा शहरात १९०९ मध्ये शालेय मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम करण्यात आली. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, त्याच संस्थानाला शाळेत आलेल्या मुलाच्या प्रकृतीची चौकशी करावीशी वाटली, हा योगायोग खचितच नव्हे.

बडोद्याचा हा कित्ता देशात मात्र फारसा गिरविला गेला नाही. १९४६ च्या भोर समितीने आपल्या अहवालात भारतातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे नमूद केले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमण्यात आली आणि तिने १९६१ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने शाळेपूर्वीच्या वयोगटाकडे लक्ष वळविले आणि अंगणवाडीतील वजनकाटा व वाढतक्ता ही प्रतिबंधात्मक तपासणीची सर्वांत व्यापक साधने ठरली.

या वाटचालीतील अलीकडचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम होय. त्याचा राष्ट्रीय प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. नवी मुंबई महानगरपालिकेचे क्षेत्रही याच जिल्ह्यात मोडते. जन्मतः असलेले व्यंग, पोषणद्रव्यांची न्यूनता, बालपणातील आजार आणि विकासातील विलंब या चार गटांतील ३० विकारांसाठी शून्य ते १८ वर्षे वयोगटाची चाळणी तपासणी, अशी या कार्यक्रमाची चौकट आहे. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असावा, अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असे त्यात अभिप्रेत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'जागरूक पालक, सुदृढ बालक' हे अभियान हाती घेऊन १८ वर्षांपर्यंतच्या बालकांच्या तपासणीची राज्यव्यापी मोहीम राबविली.

अनुकूल युक्तिवाद :
प्रतिबंधात्मक तपासणीचे समर्थन करणारे डॉक्टर प्रामुख्याने तीन मुद्दे मांडतात.

पहिला मुद्दा वाढीचा आहे. सर्वसाधारणपणे बाळाचे जन्मवजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षअखेरीस तिप्पट होते; डोक्याचा घेर पहिल्या वर्षात सुमारे १२ सेंटिमीटरने वाढतो. एकाच वेळी घेतलेले वजन फारसे काही सांगत नाही. परंतु तीन-चार वेळा घेतलेली वजने वाढतक्त्यावर मांडली की रेषेची दिशा कळते. रेषा आडवी होऊ लागली की डोळ्यांना रोडपणा दिसण्याच्या कितीतरी आधी धोका कळतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर ३६.१ टक्के कमी वजनाची होती. सहा ते ५९ महिने वयोगटातील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. ज्या राज्यात दर तीन बालकांपैकी दोघांहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, तेथे रक्तक्षयाचा शोध फक्त आजारी मुलात घेणे पुरेसे ठरत नाही.

दुसरा मुद्दा विकासाचा आहे. मान धरणे, बसणे, चालणे, नावाला प्रतिसाद देणे, बोटाने दाखविणे, दोन शब्दांचे वाक्य बोलणे या टप्प्यांची चौकशी करण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तिरुवनंतपुरम येथे तयार झालेला विकास-चाळणी तक्ता काही मिनिटांत वापरता येतो. आपल्याकडे सहाव्या महिन्यात उष्टावण करण्याची प्रथा आहे. त्या वयात बाळ आधाराने बसते काय, वस्तूकडे हात नेते काय, आवाजाकडे वळते काय, हे घरची वडीलधारी मंडळी नकळत पाहतच असतात. डॉक्टरने या घरगुती निरीक्षणाला शास्त्रीय शिस्त द्यावी, एवढेच येथे अपेक्षित असते.

तिसरा मुद्दा संवादाचा आहे. आजारी मुलाला घेऊन आलेली आई घाबरलेली असते. तिला आहार, झोप, दात, मोबाइलचा पडदा, घरातील अपघात यांविषयी काही सांगितले तरी ते तिच्या ध्यानात राहत नाही. निरोगी मुलाच्या भेटीत हा संवाद शांतपणे होऊ शकतो. अनुभवी फॅमिली डॉक्टरांच्या मते तपासणीतील खरा प्रतिबंध बहुधा या संवादातच असतो.

प्रतिकूल युक्तिवाद :
साशंक डॉक्टरांचे आक्षेप अनेकदा आळस किंवा व्यापारी वृत्ती म्हणून बाजूला सारले जातात. तसे करणे अन्यायकारक आहे. त्यांतील चार आक्षेपांचा गांभीर्याने विचार करावा लागतो.

पहिला आक्षेप वेळेचा व मोबदल्याचा आहे. संध्याकाळी गजबजलेल्या दवाखान्यात बाहेर बाकावर तापाने फणफणलेली मुले बसलेली असताना एका हसऱ्या मुलाची उंची, वजन, डोक्याचा घेर, दृष्टी, श्रवण व विकासाचे टप्पे पाहण्यास पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात. पालक औषधाचे पैसे देतात, सल्ल्याचे द्यायला बिचकतात. 'काही झालेलेच नाही, मग फी कशाची?' हा प्रश्न उघडपणे विचारला गेला नाही तरी तो खोलीत असतोच.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे व तो सर्वांत वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विल्सन व युंगनर यांच्या ग्रंथात चाळणी तपासणीचे दहा निकष दिले आहेत. विकार महत्त्वाचा असावा, त्याची लक्षणपूर्व अवस्था ओळखता यावी, चाचणी योग्य व लोकांना मान्य असावी, मान्यताप्राप्त उपचार असावा, निदान व उपचाराच्या सोयी उपलब्ध असाव्यात आणि शोधाचे काम एकदाच उरकण्याचे नसून सातत्याने चालणारे असावे, हे त्यांतील प्रमुख होत. या निकषांवर बालकांच्या तपासणीतील प्रत्येक घटक टिकत नाही. ब्रिटनमध्ये डेव्हिड हॉल यांच्या नेतृत्वाखालील कार्यगटाने १९८९ मध्ये पहिला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात परंपरेने चालत आलेल्या अनेक तपासण्यांची उपयुक्तता तपासून पाहिली गेली आणि त्यानंतर सरसकट तपासण्यांची संख्या कमी करून पालकांच्या निरीक्षणाला व आरोग्यशिक्षणाला अधिक महत्त्व देण्याची दिशा स्वीकारली गेली. याउलट अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात पहिल्या तीन वर्षांतच बारा-तेरा भेटी सुचविलेल्या आहेत, तर डेन्मार्कमध्ये फॅमिली डॉक्टर पाच आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंत सात तपासण्या करतात. प्रगत देशांतही तपासण्यांच्या संख्येबाबत एकमत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरा आक्षेप खोट्या भीतीचा आहे. अनेक निरोगी मुलांच्या हृदयात स्टेथोस्कोपने मर्मरध्वनी ऐकू येतो आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्याकृती दिसणे आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे एकमेकांना टेकणे हा वाढीचाच एक भाग असतो. सातव्या वर्षाच्या सुमारास पाय सरळ होतात. हे भान नसलेली घाईची तपासणी पालकांना हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, खास बुटांसाठी वा अनावश्यक रक्तचाचण्यांसाठी धावपळ करावयास लावते. 'संपूर्ण तपासणी'च्या नावाखाली मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या रक्तचाचण्यांच्या संचांविषयी जाणकार डॉक्टरांचा रोष याच कारणाने आहे. मुलाला हात न लावता केलेली चाचणी ही तपासणी नव्हे, असे त्यांचे म्हणणे असते.

चौथा आक्षेप तपासणीनंतरच्या वाटेचा आहे. दोन वर्षांचे मूल बोलत नाही, हे ओळखणे सोपे आहे. पुढे त्याला श्रवणचाचणी, विकासतज्ज्ञ, वाचा-उपचार, व्यवसायोपचार यांची साखळी लागते. ही साखळी परवडेल, जवळ असेल आणि महिनोन्महिने चालू राहील याची खात्री नसेल, तर डॉक्टर बहुधा 'थांबू या, बोलेल' असे म्हणतो. पालकांनाही 'याचे वडीलसुद्धा उशिरा बोलले' हा दिलासा हवा असतो. डॉक्टरची हतबलता आणि पालकांची आशा यांचे असे एकमत झाले की मुलाची मोलाची दोन वर्षे निघून जातात.

नवी मुंबईचा संदर्भ :
सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ११,२०,५४७ होती. बेलापूर, नेरुळ, तुर्भे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली व दिघा या आठ विभागांत पसरलेल्या या शहरात वाशीचे सार्वजनिक रुग्णालय, नेरुळचे मीनाताई ठाकरे रुग्णालय, ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय आणि नागरी आरोग्य केंद्रे अशी महानगरपालिकेची आरोग्यव्यवस्था आहे. नेरुळ येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटना असलेल्या भारतीय बालरोग अकादमीचे मध्यवर्ती कार्यालयही याच शहरात, जुईनगर येथे आहे. थोडक्यात, बालआरोग्याच्या ज्ञानाची येथे वाण नाही.

असे असतानाही प्रतिबंधात्मक तपासणीच्या दृष्टीने या शहरात दोन प्रकारची मुले निसटतात, आणि ती समाजाच्या दोन विरुद्ध टोकांवर आहेत.

पहिल्या टोकाला सिडकोच्या नोडमधील मध्यमवर्गीय व उच्च मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुले आहेत. ही मुले अंगणवाडीत जात नाहीत. पुढे त्यांतील मोठा वर्ग खाजगी विनाअनुदानित शाळांत जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची रचना अंगणवाडी आणि शासकीय-अनुदानित शाळा यांभोवती बेतलेली असल्याने ही मुले त्या चौकटीबाहेर राहतात. त्यांच्यासाठी डॉक्टर उपलब्ध आहेत, ऐपत आहे, गाडीही आहे. नाही ते बोलावणे. लस बालरोगतज्ज्ञाकडे, ताप कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे, पुरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि शाळेच्या प्रवेशासाठी वा क्रीडास्पर्धेसाठी प्रकृती उत्तम असल्याचा दाखला जो लवकर देईल त्याच्याकडे, असे मुलाचे आरोग्य चार ठिकाणी विभागले जाते. मुलाचे समग्र चित्र कोणाही एकाकडे नसते. लठ्ठपणा, चष्म्याचा क्रमांक, बोलण्यातील विलंब हे या गटातील नेहमीचे प्रश्न आहेत आणि ते पुरेसे गंभीर होईपर्यंत कोणाच्याच विषयपत्रिकेवर येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला तुर्भे व दिघ्याच्या परिसरातील वस्त्यांतील, औद्योगिक पट्ट्यालगतच्या झोपड्यांतील आणि बांधकामांवरील मजुरांची मुले आहेत. कागदोपत्री अंगणवाडी, आशा स्वयंसेविका व फिरते पथक यांची सेवा त्यांच्यासाठीच आहे. तथापि काम संपले की कुटुंब बिऱ्हाड उचलून दुसऱ्या वस्तीत जाते. ज्या अंगणवाडीत वजनाची नोंद झाली ती मागे राहते, माता-बाल संरक्षण कार्ड सामानात हरवते आणि नव्या ठिकाणी मूल पुन्हा पहिल्या नोंदीपासून सुरू होते. आईवडिलांचा रोज बुडू नये म्हणून ते संध्याकाळी वस्तीतील खाजगी डॉक्टरकडे जातात. हा डॉक्टर अनेकदा आयुर्वेद वा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. फिरत्या पथकातील डॉक्टरही आयुष शाखेचेच असतात; म्हणजे योग्य प्रशिक्षण व साधने दिल्यास हे डॉक्टर ही तपासणी करू शकतात, हे शासनाने स्वतःच मान्य केले आहे. मात्र वस्तीतील खाजगी डॉक्टरला ना प्रशिक्षण आहे, ना वाढतक्ता, ना पथकाशी संपर्क.

या दोन्ही टोकांना जोडणारी एक समान फट आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार मूल जन्मतः, ६, १० व १४ आठवड्यांनी, ९ ते १२ महिन्यांत आणि १६ ते २४ महिन्यांत लसीसाठी येते. त्यानंतरची लस थेट पाच-सहा वर्षांनी असते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशा स्वयंसेविका तिसऱ्या महिन्यापासून १५ व्या महिन्यापर्यंत पाच वेळा घरी जाते. म्हणजे दोन ते पाच या वयात अंगणवाडीत न जाणाऱ्या मुलाला डॉक्टरसमोर आणणारे, आजाराखेरीज, कोणतेही निमित्त उरत नाही. भाषा फुलण्याचे, दृष्टिदोष पकडण्याचे, स्वमग्नतेची लक्षणे ठळक होण्याचे हेच वय असते. नवी मुंबईतील उंच इमारतीतील आणि तिच्या पायथ्याशी असलेल्या झोपडीतील मूल, दोघेही या तीन वर्षांत सारखेच अदृश्य असतात.

आक्षेपांचा अन्वयार्थ :
वरील विवेचनावरून असे दिसते की, डॉक्टरांच्या अनुकूल व प्रतिकूल भूमिका परस्परविरोधी नाहीत. तपासणी सुटी, एकदाच उरकलेली आणि पुढील वाटेशिवाय असेल तर ती निष्फळ ठरते, हे साशंक डॉक्टर सांगतात. ती सलग, नोंदीसह आणि उपचाराशी जोडलेली असेल तर मूल वाचते, हे समर्थक सांगतात. दोघांचेही म्हणणे विल्सन व युंगनर यांच्या निकषांत सामावते. शिबिर भरवून एका दिवसात शेकडो मुले तपासल्याचा आकडा जाहीर करता येतो. किती मुलांना दोष आढळला, त्यांतील किती तज्ज्ञांपर्यंत पोहोचली आणि किती उपचार पूर्ण करून परतली, हे तीन आकडे एकत्र पाहिले तरच मोहिमेचे मूल्यमापन होते.

उदाहरणादाखल एका काल्पनिक मुलाचा विचार करता येईल. कोपरखैरण्यातील तीन वर्षांचे मूल सर्दीसाठी दवाखान्यात येते. डॉक्टरच्या लक्षात येते की, ते नावाला प्रतिसाद देत नाही. डॉक्टरकडे वाढतक्ता नाही, पूर्वीची नोंद नाही आणि श्रवणचाचणी कोठे, कोणत्या दिवशी, किती खर्चात होते याची माहिती नाही. तो सर्दीचे औषध देतो. येथे डॉक्टर चुकला असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच डॉक्टरच्या टेबलावर एक पानाची विभागवार संदर्भसूची असती, चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले याचे उत्तर त्याला परत मिळत असते, तर त्याच पाच मिनिटांत त्या मुलाची दिशा बदलली असती. दोन्ही प्रसंगांत डॉक्टरचे ज्ञान सारखेच आहे. फरक व्यवस्थेत आहे.

निष्कर्ष व सूचना :
१) प्रतिबंधात्मक तपासणीसाठी स्वतंत्र भेटींचा आग्रह धरण्यापूर्वी लसीकरणाच्या प्रत्येक भेटीला वजन, उंची, डोक्याचा घेर व वयानुरूप विकासाचे चार-पाच प्रश्न जोडावेत. मूल समोर आलेलेच असते.
२) दोन ते पाच वर्षांमधील फट भरून काढण्यासाठी अडीच-तीन वर्षे आणि चार वर्षे या वयात किमान दोन तपासण्या निश्चित कराव्यात. पहिलीत भाषा व वर्तन, तर दुसरीत दृष्टी व श्रवण यांवर भर असावा.
३) तपासणीतील घटक मोजके व उपयोग सिद्ध झालेले असावेत. लक्षण नसताना रक्तचाचण्यांचे संच टाळावेत. रक्तक्षयासाठी मात्र, राज्यातील त्याचे प्रमाण पाहता, हिमोग्लोबिनची चाचणी समर्थनीय ठरते.
४) महानगरपालिकेने प्रत्येक विभागातील खाजगी फॅमिली डॉक्टरांना, त्यांची पॅथी कोणतीही असो, वाढतक्ता, विकास-चाळणी तक्ता व संदर्भसेवेची सूची पुरवावी, आणि संदर्भित मुलाची परतचिठ्ठी डॉक्टरकडे जाईल अशी व्यवस्था करावी.
५) माता-बाल संरक्षण कार्ड हीच मुलाची एकमेव आरोग्यवही मानून खाजगी डॉक्टरांनीही तीत नोंद करावी. स्थलांतरित कुटुंबाच्या हाती राहणारी हीच एक कागदी साखळी आहे.
६) खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वेळी सहीपुरता दाखला न मागता दृष्टी, श्रवण, दात, उंची व वजन यांची प्रत्यक्ष नोंद मागावी.
७) अध्यापक महाविद्यालये व समाजकार्य, गृहविज्ञान, मानसशास्त्र या विभागांनी बालविकासाच्या टप्प्यांचे शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांना द्यावे. वर्गातील मूल फळ्याकडे डोळे बारीक करून पाहते, हे डॉक्टरच्या आधी शिक्षकाला दिसते.

समारोप :
बडोद्यात १९०९ मध्ये शाळेतल्या मुलाची प्रकृती पाहण्यास सुरुवात झाली, तेव्हा मूल शाळेत येणे हीच मोठी गोष्ट होती. नवी मुंबईत रुग्णालये आहेत, तज्ज्ञ आहेत, कार्यक्रम आहेत आणि कार्डही आहे. उणीव आहे ती या सर्वांना एका मुलाभोवती गुंफणाऱ्या धाग्याची. प्राथमिक स्तरावरील डॉक्टर हा धागा होऊ शकतो, कारण आजाराच्या निमित्ताने का होईना, मूल वारंवार त्याच्याकडेच येते. त्याच्या साशंकतेला दोष देण्याऐवजी तिच्यातील सूचना ऐकल्या, तर 'मूल बरे आहे' हे वाक्य पालकांच्या अंदाजावर सोडून न देता डॉक्टरने पाहून, मोजून आणि लिहून दिलेले वाक्य होईल.